अज्ञात वाहन

मल्हाररावांना ज्या टँकरनं उडवलं, त्याच टँकरची वाट बघत मंजुळाबाई गल्लीच्या तोंडाशी हंडे मांडून उभ्या होत्या.

तेरा सालचा उन्हाळा. जालना रोडवर, करमाडच्या अलीकडं, शेतं मोडून पाडलेल्या प्लॉटांची एक वसाहत होती. बिरोबानगर हे नाव तिथल्या लोकांनीच ठेवलेलं. कुणी गुंठा, कुणी अर्धा गुंठा घेऊन पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या होत्या. लाइट आली होती, नळ आले नव्हते. पाणी म्हणजे टँकर. तो आला की गल्लीतली सगळी कामं जिथल्या तिथं थांबायची.

मल्हारराव आणि त्यांची बायको मंजुळाबाई मूळचे पिशोरकडचे. डोंगराच्या कडेनं मेंढरं राखण्यात त्यांचा जन्म गेला. आदल्या साली डोंगरात चारा राहिला नाही, आणि पाणी तर त्याच्या आधीच आटलं. काही मेंढरं रोगानं गेली, उरलेली मल्हाररावांनी बाजारात उभी करून विकली आणि माघारी वळूनही पाहिलं नाही. मग दोघं इथं आले. नव्या प्लॉटिंगवर रात्रीच्या राखणीचं काम मिळालं. शेताच्या जागी चुन्याच्या रेघा आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर रंगवलेले दगड. मल्हारराव हसून म्हणायचे, "आधी मेंढरं राखली, आता दगडं राखतो. यांना चारा लागत नाय, तेवढं बरं."

सकाळी काम संपवून ते चालत घरी यायचे. जन्मभर कळपामागं रस्त्याच्या कडेनं चाललेला माणूस. गाड्यांच्या वाटेत पाय टाकायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्या दिवशीही ते डांबर सोडून मुरमावरूनच चालले होते. मोठ्या रस्त्यावरून वसाहतीकडं वळताना एक आंधळं वळण होतं. वळणावर कडुबाचं पंक्चरचं दुकान. कडुबा देवगाव रंगारीचा, मल्हाररावांना मामा म्हणायचा. मंजुळाबाईंची शेजारीण मनकर्णाबाई टँकर आला का बघायला म्हणून तेवढ्यात वळणापर्यंत गेली होती.

गल्लीत आधी ब्रेकचा आवाज आला. मग मनकर्णाबाईची किंकाळी.

मंजुळाबाई पळत गेल्या तेव्हा टँकर तिरपा उभा होता, मागचं चाक चारीत उतरलेलं. चालवणारा पोरगा उडी टाकून पळाला होता. मल्हारराव मुरमावर पडले होते. गुडघ्याखालचा पाय बघवत नव्हता. कडुबानं आणि आणखी दोघांनी त्यांना उचलून ॲपे रिक्षात घातलं. मंजुळाबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मल्हारराव शुद्धीवर होते. "माझा फेटा कुठंय?" एवढंच विचारत होते.

रिक्षा हलली आणि मागं हंड्यांचा आवाज सुरू झाला. कुणीतरी टँकरचा पाइप सोडला होता.

शहरातल्या घाटी या सरकारी दवाखान्यात पाय काढावा लागला. कपडे न्यायला म्हणून मंजुळाबाई घरी आल्या, तेव्हा त्यांचे दोन्ही हंडे भरून, वर फडकं बांधून ठेवलेले होते. मनकर्णाबाईनं आपल्याआधी त्यांचे भरले होते. मंजुळाबाई थोडा वेळ हंड्यांकडं बघत उभ्या राहिल्या. मग त्यातलंच पाणी तांब्यात घेऊन त्यांनी तोंड धुतलं. घरात दुसरं पाणी नव्हतं.

टँकरचा मालक सुदर्शन दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आला. तिशी-पस्तिशीचा माणूस, करमाडकडच्या शेतकरी घरातला. बापाची जमीन कारखानदारीत गेली, आलेल्या पैशातून त्यानं टँकर घेतले. तो खाटेपाशी वाकून मल्हाररावांच्या पाया पडला, उरलेल्या एकाच पायाच्या. बाहेरून आणायची औषधं त्यानं आणून दिली. जेवणाचा डबा पाठवला.

"मावशी, घाबरू नका," तो म्हणाला. "मी हाय ना. तुमी फक्त यायच्याकडं बघा. बाकी पोलिसाचं-बिलिसाचं समदं मी बघतो."

मंजुळाबाईंनी मान हलवली. त्यांना तेव्हा एवढंच कळत होतं की या माणसानं औषध आणलं.

पुढं महिन्याभरानं, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोनं त्यांना एका वकीलबाईंचा पत्ता दिला. "रस्त्यानं चालणाऱ्या मानसाला बी हक्क असतो, बाई," ती म्हणाली होती. शीलाताई वकील कोर्टाजवळच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बसायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोलिसांकडून कागद मागवले आणि पुढच्या भेटीत मंजुळाबाईंना समोर बसवलं.

"मंजुळाबाई, कायदा तुमच्या बाजूनं आहे," त्या म्हणाल्या. "पायी चालणारा माणूस कडेनं चाललेला असताना गाडीनं त्याला धडक दिली, तर भरपाई मिळते. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पाय गेला त्याची. गाडीचा विमा असतो, विमा कंपनी ती देते. त्यासाठी वेगळं न्यायाधिकरण आहे. फौजदारीत लागतो तेवढा कडक पुरावाही इथं लागत नाही. पण एक गोष्ट सिद्ध करावीच लागते. धडक कुठल्या गाडीनं दिली."

"मंग ती तं समद्यांना ठाव हाय."

"या कागदात नाही." शीलाताईंनी फिर्यादीवर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, अज्ञात वाहनानं धडक दिली. फिर्याद दिलीय कडुबा नावाच्या माणसानं."

मंजुळाबाई तिथून थेट वळणावरच्या दुकानात गेल्या. कडुबा टायरवर वाकलेला होता. त्यांना बघून तो उभा राहिला आणि हात पुसत राहिला.

"कडुबा, तुझ्या डोळ्यांदेखत झालं ना रे?"

"मामी, तवा मामाला वाचवायची घाई होती. शेठ म्हनले, असं लिव्ह, म्हंजे टँकर जप्त व्हनार नाय. टँकर जप्त झाला असता तं वस्तीनं काय पेलं असतं? तुमीच सांगा."

 मंजुळाबाई तशाच सुदर्शनकडं गेल्या. शीलाताईंनी सांगितलेलं एक वाक्य त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं: टँकरचा विमा चालू आहे, पैसे मालकाच्या खिशातून जाणार नाहीत. सुदर्शन घराच्या ओट्यावर बसला होता. त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितला.

"शेठ, तुमाला काय पडनार नाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "पैशे कंपनी भरती. तुमी फकस्त खरं सांगा."



"मावशी, टँकरवर माझा धाकटा भाऊ होता," सुदर्शन म्हणाला. "त्याच्यापाशी मोठ्या गाडीचं लायसन नाय. कंपनी तुमाला देईल, अन् मंग माझ्याकडून वसूल करीन. भावावर केस व्हईल. पान्याचा ठेका जाईल. हे चारी टँकर कर्जावर हायेत. मी तुमाला वाऱ्यावर सोडलं का? सांगा ना. औषधं आनली, डबा धाडला. आनखी बी करीन. पन हे मला नका सांगू."

चहा आला. मंजुळाबाईंनी तो घेतला नाही. त्यानंतर सुदर्शनची मदतही थांबली.

शीलाताईंनी दावा दाखल केला, टँकरचा नंबर घालून. सुदर्शनतर्फे उत्तर आलं. ते शीलाताईंनी वाचून दाखवलं तेव्हा मंजुळाबाईंना आधी त्याचा अर्थच लागेना. त्यात म्हटलं होतं की एक जखमी इसम रस्त्यावर पडलेला दिसल्यामुळं आमच्या चालकानं माणुसकीच्या नात्यानं टँकर थांबवला, आणि मालकानं माणुसकीच्या नात्यानंच त्या इसमाला औषधपाणी केलं. विमा कंपनीनंही तेच धरलं. फिर्यादीत आमच्या गाडीचं नावच नाही.

"म्हंजे यायनंच वाचवलं म्हनता?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"तसं लिहिलंय."

"आन् टँकरवाल्यानं औषध आनलं, ते बी आमच्याच अंगावर आलं."

शीलाताईंनी कागद मिटले. म्हणाल्या, "ज्यानं प्रत्यक्ष बघितलं असा एक माणूस उभा करा. एकच पुरे."

वर्षं गेली. तारीख पडायची, मंजुळाबाई मजुरी बुडवून यायच्या, पुढची तारीख घेऊन जायच्या. मल्हारराव कुबड्यांवर फिरायला शिकले, पण वसाहतीच्या मुरमाच्या चढ-उतारावर कुबडी घसरायची. राखणीचं काम गेलं. चालता न येणाऱ्या राखणदाराला कोण ठेवणार? मंजुळाबाई बांधकामावर जायला लागल्या. शहर करमाडच्या दिशेनं वाढत होतं, त्यामुळं कामाला तोटा नव्हता. मल्हारराव दिवसभर दारात बसून असायचे. जो माणूस मेंढरं होती तोवर एका जागी दोन रात्री राहिला नव्हता, त्याला आता समोरच्या घराची भिंत तेवढी दिसायची. कधीकधी ते शीळ घालायचे, मेंढरं वळवायची. गल्लीतली कुत्री तेवढी कान टवकारायची.

मधे एक पाऊस जरा बरा झाला आणि पुढचे दोन पुन्हा गेले. सोळा साली उन्हाळा आला तो तेरापेक्षाही वाईट. विहिरी सोडाच, बोअरसुद्धा धूळ ओकायला लागले. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात दावा साक्षीला लागला.

आधी मल्हाररावांची साक्ष झाली. ते कुबड्या टेकत आत गेले, फेटा नीट बांधलेला. विमा कंपनीच्या वकिलानं अदबीनंच विचारलं, "आजोबा, धडक कुठून बसली?"

"मागून."

"म्हणजे तुम्हाला कोणत्या गाडीनं धडक दिली, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही?"

मल्हारराव थांबले. मंजुळाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"नाय," मल्हारराव म्हणाले. "मागून आलं. म्या पाहिलं नाय."

बाहेर व्हरांड्यात मंजुळाबाई त्यांच्यावर कधी नव्हे ते चिडल्या. "आवं, टँकर व्हता म्हनायला काय झालं व्हतं? ठाव हाय ना तुमाला!"

"ठाव हाय. पाहिलं नाय." ते खाली बघत होते. "वकिलानं 'पाहिलं का' म्हनूनच इचारलं. खोटं कसं सांगू?"

आता सगळं मनकर्णाबाईवर होतं. तिनं शब्द दिला होता. स्वतःहून शीलाताईंकडं येऊन ती सांगून गेली होती: मी वळणावर होते, टँकर जोरात आला, म्हातारा कडेला होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. शीलाताईंनी ते लिहून घेतलं, यादीत तिचं नाव घातलं आणि त्याची एक प्रत नियमाप्रमाणं समोरच्या बाजूला गेली.

त्याच आठवड्यात टँकर यायचा थांबला.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, बिघडला असेल. मग कडुबा निरोप घेऊन आला. तो मंजुळाबाईंच्या दारात आला नाही, गल्लीच्या मध्यात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "शेठ म्हनतात, त्यांची कुनाशी दुश्मनी नाय. पन ड्रायव्हर लोक इकडं यायला भेतात. उद्या आमचं बी नाव घेतलं तं? म्हनून कोनी तयार व्हत नाय."

दुसऱ्या टँकरवाल्यांना विचारून झालं. ही लाइन सुदर्शनची, आम्ही मधे पडत नाही, असं त्यांनी सांगितलं. लोक सायकलला कॅन बांधून मोठ्या रस्त्यापलीकडं जायला लागले. तिकडच्या एका ढाब्यावर मोजून पाणी द्यायचे. कुणी मंजुळाबाईंना वाईट बोललं नाही. त्या दिसल्या की बायका बोलायच्या थांबायच्या, एवढंच. एका दुपारी त्यांच्या दारासमोर गल्लीतल्या पाच-सहा बायका येऊन सावलीत बसल्या. त्यांनी रिकामे हंडे बरोबर आणले होते. त्या काही मागत नव्हत्या. बराच वेळ बसल्या आणि उठून गेल्या.

मल्हारराव म्हणाले, "मंजुळा, सोडून दे. पाय काय उगवून येनार हाय?"

"पाय नाय येनार," मंजुळाबाई म्हणाल्या. "पन म्या किती दिस पाट्या उचलनार? म्या पडल्यावर तुमाला कोन बघनार?"

मनकर्णाबाईच्या घरात सून बाळंतीण होती. घरातून दिवसभर बाळाचं रडणं ऐकू यायचं. साक्षीच्या आदल्या दिवशी मंजुळाबाई तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. विचारायला गेल्या होत्या, पण विचारवलं नाही. मनकर्णाबाई सुनेचे धुवायचे कपडे पाण्यावाचून तसेच गाठोड्यात बांधत होती.

"येते म्या उद्या," तीच म्हणाली. "शब्द दिलाय."

आणि ती खरंच आली. दोघी एकाच बसनं गेल्या. मनकर्णाबाईनं इरकलीचं लुगडं नेसलं होतं. कोर्टात तिचं नाव पुकारलं, ती पुढं गेली, शपथ घेतली. शीलाताईंनी विचारलं, "त्या सकाळी तुम्ही कुठं होतात?"

"पान्याच्या लाइनीत."

शीलाताईंनी हातातला कागद पाहिला. "वळणावर गेला होतात ना?"

"नाय. लाइनीत व्हते. आवाज आला म्हनून गेले."

"कोणत्या गाडीनं धडक दिली?"

मनकर्णाबाईनं मागं वळून मंजुळाबाईंकडं पाहिलं. मग पुढं बघून म्हणाली, "म्या पाहिलं नाय."

मल्हारराव जे शब्द खरेपणानं बोलले होते, तेच हिनं म्हटले. लिहून घेणाऱ्यानं दोन्ही सारखेच लिहून घेतले. शीलाताईंनी कोर्टाची परवानगी काढून तिलाच उलटं विचारलं, आधीचं लेखी दाखवलं. मनकर्णाबाई म्हणाली, मला वाचता येत नाही, त्यांनी काय लिहिलं मला ठाव नाही. त्यानंतर तिनं मान वर केली नाही.

येताना बसमध्ये ती दुसऱ्या बाकावर बसली.  दाराशी आल्यावर मनकर्णाबाई म्हणाली, "मंजुळा, पोर रडून रडून निळं पडतं गं. सुनेला दूध नाय. पानीच नाय पोटात तं दूध कुठून?"

"ठाव हाय," मंजुळाबाई म्हणाल्या.

"मला शिव्या दे ना."

मंजुळाबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. देता आल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. हॉर्न वाजला तशी सगळी गल्ली पळाली. मंजुळाबाई चुलीपाशीच बसून राहिल्या. मल्हाररावांनी दारातून हाक दिली, "जा. भर." त्या उठल्या नाहीत. "अगं, भांड्यात घोट नाय. जा." मग त्या हंडा घेऊन गेल्या. बायकांची रांग लांब होती. त्यांना बघून पुढची बाई बाजूला सरली, मग तिच्या पुढची. बायकांनी त्यांना पार पुढं, पाइपापाशी आणून सोडलं. टँकरवर नवा ड्रायव्हर होता, त्याला काही माहीत नव्हतं. "मावशी, लवकर धरा," तो म्हणाला. मंजुळाबाईंनी हंडा पाइपाखाली धरला.

निकाल दिवाळीच्या आधी लागला. अपघात झाला हे मान्य. अर्जदाराचा पाय गेला हे मान्य. पण तो सदर टँकरनंच झाला, हे शाबीत होत नाही, म्हणून दावा नामंजूर. शीलाताईंनी त्यांना खिडकीपाशी नेऊन हळूहळू समजावून सांगितलं. वर खंडपीठात अपील करता येईल, मी फी घेणार नाही, पण वरही हेच कागद आणि हेच जबाब वाचले जातील.

"ताई," मंजुळाबाई म्हणाल्या, "गाडी कोन्ती ते ठाव नसलं तं सरकार थोडंफार देतं म्हनं. बांधकामावर एक जन म्हनत व्हता. ते तरी मिळंल का?"

शीलाताईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "त्याची मुदत कधीच गेली, मंजुळाबाई. आणि त्याला गाडी माहीत नाही असं लागतं. आपण तर तीन वर्षं शपथेवर नंबर सांगतोय."

"म्हंजे इकडं ठाव हाय म्हनलं म्हनून नाय, आन् तिकडं ठाव नाय म्हनून..."

"हो," शीलाताई म्हणाल्या.  जिन्यापर्यंत त्या सोबत आल्या. मल्हाररावांची एक कुबडी हातात घेऊन त्यांनी त्यांना एकेक पायरी उतरवलं.

बस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं मिळायची. नवरा-बायको कडेला येऊन उभे राहिले. कचेऱ्या सुटायची वेळ होती. रिक्षा, मोटरसायकली, सिटी बस, सगळं एकाला एक लागून चाललेलं. मंजुळाबाईंनी एक पाऊल पुढं टाकून हात वर केला. कुणी वेग कमी केला नाही. उलट एका कारनं हॉर्न दाबून धरला. त्या मागं आल्या. पुन्हा एकदा पुढं गेल्या आणि पुन्हा मागं आल्या. मल्हाररावांची काख कुबडीवर दुखायला लागली होती.

"समदी जाऊ दे," थोड्या वेळानं ते म्हणाले.

मंजुळाबाईंनी त्यांच्या कमरेला हात घातला. आणि दोघं गाड्या सरायची वाट बघत तिथंच उभे राहिले.